गाडीचं दार आपटू नये म्हणून कॅमेरा: काय बघायचं आणि कधी बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी काही विद्यार्थ्यांनी गाडीच्या डाव्या आरशाखाली फिशआय, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाचा, कॅमेरा बसवला आहे. त्यावर योलो हे चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल चालतं आणि दारासमोर काही आलं की बझर वाजतो. दुचाकी, गाडी, माणूस, कुत्रा हे सगळं नीट ओळखलं जातं, पण पार्किंगमधला खांब, भिंत आणि फूटपाथची कड हमखास सुटते. आता आणखी फोटो गोळा करून मॉडेल पुन्हा शिकवायचं, की कॅमेऱ्याचा नाद सोडून आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचे?

मी गाड्यांच्या कॅमेऱ्यांवरच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचा कॅमेराही बरोबर आहे आणि मॉडेलही ठीक आहे. चुकलाय तो कॅमेऱ्याला विचारलेला प्रश्न, आणि तो विचारण्याची वेळ.

योलो सांगतं की समोर काय आहे. दाराला त्याच्याशी कर्तव्य नाही. दाराला एकच आकडा हवा असतो: मी किती अंशांपर्यंत उघडू शकतो? तुमचं मॉडेल बहुधा कोको या, वस्तूंची नावं लावलेल्या फोटोंच्या संग्रहावर (डेटासेटवर) शिकलेलं असेल. त्यात 80 वर्ग आहेत. बाक आहे, कुंडी आहे, पार्किंग मीटरसुद्धा आहे, पण खांब नाही, भिंत नाही, कठडा नाही. तुम्ही खांबाचे हजार फोटो घातलेत तर खांब सापडेल, पण मग जिन्याची बाहेर आलेली पायरी सुटेल, ती घातली की जनरेटरभोवतीचं कुंपण, मग भिंतीला लावलेली फायर होजची पेटी. ही यादी संपणारी नाही. म्हणून वस्तूचं नाव विचारणं सोडा आणि जागा मोकळी आहे की भरलेली एवढंच विचारा. ओळखलेल्या वस्तूंचा उपयोग पुढे होईल, पण पाया म्हणून नाही.

आता तो कोन काढायचा कसा? इथलं गणित वाटतं त्याहून सोपं आहे. दार बिजागरीच्या एका अक्षाभोवती फिरतं. त्यामुळे एक्स, वाय, झेड बाजूला ठेवा आणि प्रत्येक बिंदू या अक्षाच्या हिशोबाने मांडा: अक्षापासून किती लांब, अक्षाच्या दिशेने किती वर आणि कितव्या अंशावर. दार फिरतं तेव्हा त्याच्या कुठल्याही बिंदूचं अंतर आणि उंची बदलत नाही, बदलतो तो फक्त कोन. समजा अडथळ्याचा एक बिंदू अक्षापासून 90 सेंटिमीटरवर, कंबरेच्या उंचीवर, 40 अंशांवर आहे. बंद दाराचा पत्रा त्याच अंतरावर आणि त्याच उंचीवर 3 अंशांवर आहे. मग दार त्या बिंदूला 37 अंशांवर लागणार. एक वजाबाकी, बस. दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं असं कोष्टक एकदाच बनवून ठेवा, समोरच्या प्रत्येक बिंदूसाठी वजाबाकी करा आणि येणाऱ्या उत्तरांपैकी सगळ्यांत लहान घ्या. मिळालेला कोन म्हणजे तुमची मर्यादा. यात टक्कर तपासणारं जड सॉफ्टवेअर लागत नाही, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही आरामात चालतं.

कोष्टक मात्र खऱ्या दारावरून बनवा. दार म्हणजे सरळ फळी नव्हे. मधल्या उंचीला पत्रा फुगलेला असतो, काचेच्या चौकटीचा मागचा वरचा कोपरा वेगळ्याच जागेतून फिरतो आणि खालची कड फूटपाथला घासते. शिवाय बिजागरीचा अक्ष अगदी उभा नसतो, दार नीट मिटावं म्हणून तो किंचित कललेला ठेवतात. दाराचा सीएडी (संगणकावरचा आराखडा) नसेल तर दारावर खुणा चिकटवून टेपने मोजा. दर 5 सेंटिमीटरला एक माप पुरतं.

किती अचूक हवं, याचा अंदाज आपल्याकडच्या पार्किंगवरून घेऊ. एका गाडीची जागा साधारण 2.5 मीटर रुंद धरतात. एक्सयूव्ही 700 ची रुंदी 1,890 मिलिमीटर आहे. अशा दोन गाड्या आपापल्या जागेच्या बरोबर मधोमध उभ्या असल्या तरी मधे 61 सेंटिमीटर उरतात. 1.1 मीटर लांबीचं दार शेजारच्या पत्र्याला सुमारे 34 अंशांवर लागतं. दार पूर्ण उघडतं साधारण 65 ते 70 अंशांपर्यंत, म्हणजे निम्मं उघडलं की संपलं. दोन वॅगनआर असत्या तर 88 सेंटिमीटर मिळाले असते आणि दार 53 अंशांपर्यंत गेलं असतं. दाराची कड एका अंशात जवळपास 2 सेंटिमीटर पुढे सरकते. 4 सेंटिमीटरची सुरक्षित फट ठेवायची म्हटली तर तुमची सगळी चूक मिळून दोन-अडीच अंशांत बसायला हवी.

फूटपाथचं गणित आणखी बारीक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार फूटपाथ रस्त्यापासून 15 सेंटिमीटरहून उंच नसावा. प्रत्यक्षात जुन्या शहरांत तो त्याहून पुष्कळ उंच सापडतो, आणि गाडी कडेच्या उतारावर एका बाजूला कललेली असते. गाडी 5 अंशांनी बाहेरच्या बाजूला कलली की दाराची कड एक मीटर बाहेर येईपर्यंत सुमारे 9 सेंटिमीटर खाली उतरते. बंद असताना मोकळं दिसणारं दार उघडताना असंच रुतून बसतं. सगळे बिंदू जमिनीच्या नव्हे, गाडीच्या संदर्भात मांडलेत की हा कल आपोआप हिशोबात येतो.

आता मुख्य अडचण. फिशआयचं रेझोल्यूशन जवळच्या कामाला कमी पडत नाही. 190 अंशांचं दृश्य 1,280 पिक्सेलमध्ये पसरलं तर एका अंशाला जवळपास 7 पिक्सेल मिळतात. अर्ध्या मीटरवर एक पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटरसुद्धा नाही. बाजूची जागा बारीक दिसते, पण ती किती लांब आहे हे एका फोटोतून कळत नाही. शोरूममध्ये दाखवतात ते वरून दिसणारं 360 अंशांचं चित्रही अंतर मोजून बनवलेलं नसतं. सगळं काही जमिनीवर सपाट पसरलेलं आहे असं धरून ते ताणलेलं असतं. म्हणून त्यात खांब बाहेरच्या बाजूला लांबच लांब आडवा पडलेला दिसतो. त्या चित्रावर पट्टी लावून अंतर मोजू नका.

अंतर कळायला कॅमेरा हलावा लागतो. दोन जागांवरून तीच वस्तू पाहिली की त्रिकोण तयार होतो. इथे पुष्कळांना एक कल्पना सुचते, तुम्हालाही सुचेल: आरसा दारावरच आहे, मग दार उघडू लागलं की कॅमेरा हलेलच, त्यातूनच अंतर काढू. कल्पना चांगली आहे, पण आकडे तिच्या विरोधात जातात. आरसा बिजागरीच्या जवळ असतो, समजा 30 सेंटिमीटरवर. दार 10 अंश उघडलं तर कॅमेरा जेमतेम 5 सेंटिमीटर सरकतो. बिंदू जुळवताना 2 पिक्सेलची चूक धरली, म्हणजे 0.3 अंश, तर 60 सेंटिमीटरवरच्या खांबाच्या अंतरात सुमारे पावणेचार सेंटिमीटरची चूक येते. सगळी सुरक्षित फट तिथेच संपली, आणि दार तोवर 10 अंश उघडून वेगात आहे.

तीच 2 पिक्सेलची चूक, पण कॅमेरा 50 सेंटिमीटर सरकलेला असेल तर अंतरातली चूक 4 मिलिमीटरच्या आत येते. आणि गाडी पार्किंगमध्ये शिरताना कॅमेरा अर्धा मीटर नव्हे, कित्येक मीटर सरकतो. माझं मत इथे ठाम आहे: दार कुठपर्यंत उघडेल हे गाडी उभी राहायच्या आतच ठरलेलं असलं पाहिजे. उघडताना फक्त एवढंच बघायचं की मघाशी बनवलेला नकाशा अजून खरा आहे का.

त्यासाठी गाडीचा वेग कमी झाला, समजा ताशी 15 किलोमीटरच्या खाली आला, की बाजूच्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेममधले ठळक बिंदू पुढच्या फ्रेममध्ये शोधत राहायचं. गाडी किती सरकली ते ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतल्या चाक-सेन्सरवरून आणि गाडीचं वळणं मोजणाऱ्या जायरोवरून घ्यायचं. त्यातून गाडीभोवतीचा त्रिमिती नकाशा बनतो, 2 ते 3 सेंटिमीटरच्या घरांचा, फक्त दारं फिरतात तेवढ्याच जागेचा. हे चाक-सेन्सरचे आकडे कॅन बसवर, म्हणजे गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात त्या तारांवर, असतात, पण कंपनीकडून माहिती मिळाल्याशिवाय ते वाचता येतीलच असं नाही. तुमच्या प्रकल्पात चाचणीचं दार ढकलगाडीवर बसवा (शेवटी सांगतो) आणि तिच्या चाकाला एन्कोडर, म्हणजे किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, लावा, भागेल. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची माहीत असते, ती मापाची पडताळणी म्हणून वापरा.

यात गाडी कशी लावली याने फार फरक पडतो, आणि याकडे नवख्यांचं हटकून दुर्लक्ष होतं. गाडी सरळ पुढे घातली तर आरशाखालचा कॅमेरा दाराशेजारच्या सगळ्या जागेवरून पुढे जातो, खांब अगदी समोरून पाहतो. रिव्हर्सने लावली तर? आरसा दाराच्या पुढच्या टोकाला आहे. दार जिथे उघडणार ती जागा शेवटपर्यंत कॅमेऱ्याच्या मागेच राहते, तिरकीच दिसते, आणि मागच्या दाराची जागा तर फिशआयच्या कडेला चेपलेली असते. अशा वेळी मागचा कॅमेरा कामाला येतो. गाडी मागे जाताना तोच त्या जागेजवळून आधी जातो. म्हणजे गाडीला चारही बाजूंना कॅमेरे असतील तर त्या सगळ्यांचा नकाशा एकच हवा, प्रत्येकाचा वेगळा नको. आपल्याकडे सोसायट्यांत बरेच जण रिव्हर्सनेच गाडी लावतात, त्यामुळे ही चाचणी टाळून चालणार नाही. तुमच्याकडे एकच कॅमेरा असेल तर अहवालात स्पष्ट लिहा की यंत्रणा पुढे घातलेल्या गाडीसाठी आहे. परीक्षकाने ती मर्यादा शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेली बरी.

खांब का सुटतो याचं एक कारण जवळून बघण्यासारखं आहे. बेसमेंटमधला खांब घ्या: खाली मीटरभर पिवळे-काळे आडवे पट्टे, वर पांढरा चुना. गाडी आडवी सरकते, पट्टेही आडवे. पट्टा त्याच्याच रेषेत सरकला तर तो सरकला हे कळायला मार्ग नसतो, कारण पट्ट्यावरचा प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूसारखाच दिसतो. अंतर मिळतं ते फक्त खांबाच्या दोन उभ्या कडांवर आणि जिथे रंग उडालाय तिथे. तेच पट्टे तिरके असते तर काम सोपं झालं असतं. वरच्या पांढऱ्या भागात तर धरायलाच काही नाही. यावर उपाय म्हणजे खांब जमिनीला जिथे टेकतो ती रेषा पकडायची. मोकळी जमीन आणि बाकी सगळं असं पिक्सेलनिहाय वेगळं करणारं छोटं न्यूरल नेटवर्क शिकवा. जमीन संपली तिथे काहीतरी उभं आहे असं धरा. वालेओ कंपनीने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला वूडस्केप हा फिशआय डेटासेट या कामासाठी उत्तम सुरुवात आहे. त्यात गाडीच्या चार बाजूंच्या कॅमेऱ्यांची चित्रं आहेत, पिक्सेलनिहाय खुणांसह. त्यावर आपल्याकडच्या पार्किंगच्या चित्रांची भर घाला: ओली फरशी, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, सांडलेलं ऑइल, रंगवलेले बाण. ओल्या फरशीतलं खांबाचं प्रतिबिंब हा पावसाळ्यातला नेहमीचा घोटाळा आहे. नेटवर्कला वाटतं खांब आणखी जवळ आहे.

जमिनीच्या रेषेवर सगळा भार टाकू नका. दुचाकीचं हँडल आणि ब्रेकची लिव्हर चाकाच्या बाहेर हवेत असते. बांधकामाची सळई टेम्पोच्या मागून बाहेर आलेली असते. तिथे जमीन मोकळी दिसते आणि दार मात्र आपटतं. ओळखलेल्या वस्तूंचा उपयोग इथे होतो. योलोने दुचाकी म्हटलं की हँडलच्या उंचीला चाकाच्या रेषेबाहेर जादा जागा राखून ठेवा. म्हणजे तुमचं आजवरचं काम वाया जात नाही.

अल्ट्रासॉनिकबद्दल. कॅमेरा सोडून ते लावावेत का? नाही. सोबत लावावेत का? हो, किंवा त्याहून बरं काही. अल्ट्रासॉनिकला गुळगुळीत पांढरी भिंत उत्तम दिसते, अंधारही चालतो. पण तिरक्या पृष्ठभागावरून आवाज दुसरीकडेच जातो, बारीक सळई निसटते, आणि वस्तू अगदी जवळ असेल तर सेन्सरला स्वतःचाच आवाज विरायच्या आत उत्तर येतं, ते कळत नाही. शिवाय काहीतरी 50 सेंटिमीटरवर आहे एवढंच तो सांगतो, कुठल्या उंचीवर ते नाही. टेस्लाच्या मॉडेल एक्सने 2015 मध्ये वर उघडणाऱ्या मागच्या दारांसाठी पत्र्याच्या आत लपवलेले अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरले, ते त्या कामाला योग्य होते. तुमच्या प्रकल्पासाठी मी व्हीएल53एल5सीएक्स सुचवीन. प्रकाश परतायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजणारी ही छोटी चिप 8 गुणिले 8 घरांत, 4 मीटरपर्यंत माप देते. बिनखुणांची भिंत ही कॅमेऱ्याची सगळ्यांत मोठी दुबळी बाजू आहे, ती हिने भरून निघते. भर उन्हात मात्र हिचा पल्ला बराच कमी होतो. तिथे कॅमेरा चांगला चालतो, म्हणून जोडी जमते.

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे कुठला पिक्सेल कुठल्या दिशेला पाहतो ते ठरवणं, ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फिशआय विभागातून करा, साध्या कॅमेऱ्याच्या मॉडेलने नको. बुद्धिबळाच्या पटाचे फोटो घेताना पट चित्राच्या अगदी कडांपर्यंत न्या, कारण दाराची मागची कड तिथेच दिसते. आणखी एक: बऱ्याच गाड्यांत लॉक करताना आरसे मिटतात. आरसा मिटला की कॅमेऱ्याची दिशा बदलली. मिटलेल्या आरशाचं कॅलिब्रेशन वेगळं ठेवा, किंवा आरसा मिटल्यावर कॅमेऱ्याचं बोलणं ऐकूच नका.

आता बझर. दार जोरात लोटलं तर कड साधारण सेकंदाला एक मीटर जाते. कॅमेऱ्याची फ्रेम, तिच्यावरची प्रक्रिया आणि निर्णय मिळून 100 ते 150 मिलिसेकंद जातात, तेवढ्यात कड 10 ते 15 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. माणसाने आवाज ऐकून हात आवरायला आणखी पाऊण सेकंद धरा. म्हणजे दार उघडायला लागल्यावर वाजणारा बझर आपटल्याचा आवाज सोडून काहीही सांगत नाही. सूचना आधी द्या. सीटबेल्ट सोडला, की दाराच्या आतल्या बाजूला, हँडलजवळ दिवा लावा: हिरवा म्हणजे पूर्ण उघडा, पिवळा म्हणजे निम्मं, लाल म्हणजे दुसऱ्या बाजूने उतरा. नकाशा गाडी लावतानाच तयार असल्यामुळे हे शक्य होतं. नाहीतर या क्षणी तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

दार खरोखर थांबवायचं असेल तर डोअर चेकच्या (दार उघडं अडवून धरणाऱ्या पट्टीच्या) जागी ब्रेक लागतो. 30 किलोचं, 1.1 मीटरचं दार त्या वेगाने फिरताना त्यात सुमारे 5 ज्यूल ऊर्जा असते. ते 5 अंशांत थांबवायला 57 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर हवा, आणि माणूस लोटतच राहिला तर त्याहून जास्त. छोट्या सर्व्हो मोटरने हे होणार नाही. ब्रेक कसाही बनवा, पण तो घसरणारा हवा, कुलूप घालणारा नको. अपघातानंतर, आग लागल्यावर किंवा वीज गेल्यावर दार जोर लावून उघडलंच पाहिजे. नुसती सूचना द्यायची असेल तर प्रकरण हलकं आहे. ब्रेक आला की ते आयएसओ 26262 या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेच्या मानकाच्या कक्षेत जातं, आणि सेन्सर ठीक असूनही चुकीचं पाहिलं तर काय, हा आयएसओ 21448 चा विषय होतो. प्रकल्पात ही मानकं पूर्ण पाळायची अपेक्षा कोणी करणार नाही, पण त्यातला हा एक प्रश्न तरी सोडवून दाखवा.

नकाशा शिळा होतो, हेही धरून चाला. गाडी लावून तुम्ही दहा मिनिटं फोनवर बोललात, तेवढ्यात कोणी स्कूटर मधे घुसवली. म्हणून इंजिन बंद केल्यावरही काही वेळ कॅमेरा जागा ठेवायचा आणि गाडी थांबतानाची फ्रेम आत्ताच्या फ्रेमशी ताडून पाहायची. बदल दिसला की दिवा पिवळा, अंतर नक्की माहीत नसलं तरी. रात्रभर उभ्या गाडीत असं करता येत नाही, 12 व्होल्टची बॅटरी बसेल. पण तेव्हा दार बाहेरून उघडलं जातं आणि उघडणाऱ्याला शेजारचं दिसत असतं.

मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दार लागणं हा याहून किती तरी गंभीर प्रकार आहे, त्यात माणसं जातात. तो या प्रकल्पात घुसवू नका. ताशी 30 किलोमीटरने येणारी स्कूटर अडीच सेकंदांत 20 मीटर येते, आणि 20 मीटरवरचा दुचाकीस्वार तुमच्या फिशआयमध्ये 13-14 पिक्सेल रुंद असतो. त्या कामाला मागच्या बंपरच्या कोपऱ्यातले रडार लागतात. लेक्ससने 2021 च्या एनएक्समध्ये रडारला विजेवर चालणाऱ्या दाराच्या खिटीची जोड देऊन धोका असताना दार उघडूच न देण्याची सोय केली. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनेही 2023 पासून सायकलस्वारासमोर दार उघडण्याची चाचणी घ्यायला सुरुवात केली. तुमच्या अहवालात हा भाग वेगळा काढा, आणि तुमची यंत्रणा यापासून वाचवत नाही हे दिव्याशेजारीच लिहा. हिरवा दिवा बघून कोणी मागे न पाहता दार उघडलं तर ते फार महागात पडेल.

चाचणीसाठी जुन्या बाजारातून एखादं भंगारातलं पूर्ण दार बिजागरीसकट आणा, चौकटीला बसवा, चौकट ढकलगाडीवर ठेवा. बिजागरीच्या अक्षावर एएस5600 हा चुंबकीय एन्कोडर लावा. 12 बिटचा असल्यामुळे एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक कोन दाखवतो आणि स्वस्तात मिळतो. मग यंत्रणेने सांगितलेला कोन लिहून घ्या, दार हळूच अडथळ्याला टेकवा आणि एन्कोडरचा कोन शेजारी लिहा. पांढरी भिंत, आडव्या पट्ट्यांचा खांब, दुचाकीचं हँडल, 15 आणि 25 सेंटिमीटरची कड, ओली फरशी. प्रत्येक प्रकार पुढून शिरून आणि रिव्हर्सने, दिव्यात आणि अंधारात. ज्या ओळीत यंत्रणेचा कोन प्रत्यक्षापेक्षा मोठा आला, तिथे दार आपटलं असतं. लहान आला, तिथे माणूस विनाकारण अडकला असता. हे दोन आकडे वेगवेगळे मांडा, त्यांची सरासरी काढू नका.